हलका क्रँक, बॅलन्सिंग आणि 9 ग्रॅम : अकरा महिन्यांनंतर

गेल्या महिन्यात क्लच बदलला आणि इंजिनाच्या मिनिटाला 3000 फेऱ्यांच्या आसपास गिअरची दांडी पुन्हा थरथरू लागली, म्हणून हे लिहायला बसलो. एरवी मी आणखी वर्षभर तरी समाधानी राहिलो असतो. गाडी पहिल्या पिढीतली होंडा सिटी 1.5. मेन बेअरिंग गेल्यामुळे इंजिन उघडणे भागच होते, तेव्हा कुर्ल्याच्या एका वर्कशॉपमध्ये मूळ फोर्ज्ड क्रँक (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) हलका आणि बॅलन्स, म्हणजे फिरताना तोल साधेल असा, करून घेतला. हलका करण्याचे 9,000 आणि बॅलन्सिंगचे 4,500 रुपये पडले.

काउंटरवेटच्या, म्हणजे क्रँकवरच्या तोल राखणाऱ्या वजनांच्या, कडा तासून सव्वा किलो वजन उतरवले होते. पहिले दोन महिने ईस्टर्न फ्रीवेवर दुसऱ्या गिअरमध्ये फेऱ्यांचा काटा ज्या चपळाईने चढे, त्याचे कौतुक मी भेटेल त्याला ऐकवत होतो. ते कौतुक आता मागे घेतो, आणि त्याला कारण दादरचा टिळक पूल आहे. चढावर गाड्यांची रांग लागलेली, एसी चालू, हाफ क्लचवर गाडी सुटते न सुटते तोच कॉम्प्रेसर लागतो आणि इंजिन बंद पडते. फिरत्या वजनाचा जो साठा अशा क्षणी इंजिनाला तारून नेतो, तोच मी पैसे देऊन तासून टाकला होता. आयडलिंग (गाडी उभी असतानाच्या इंजिनाच्या फेऱ्या) 750 वरून 900 वर नेले, तरी त्या पुलावर आठवड्यातून एकदा तरी मागच्या टॅक्सीवाल्याच्या शिव्या खाव्या लागतात. शिवाय एखाद्या वस्तुमानाचा जडपणा अक्षापासूनच्या अंतराच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे चपळाईच हवी होती तर ती क्रँकच्या टोकाला बसणाऱ्या मोठ्या व्यासाच्या चकतीतून, म्हणजे फ्लायव्हीलमधून, वजन उतरवून कमी खर्चात मिळाली असती.

याहून गंभीर बाब मला उशिरा समजली. चार सिलिंडरच्या क्रँकमध्ये दोन जोड्या समोरासमोर असल्याने काउंटरवेट सगळीकडून सारखे तासले तरी बॅलन्सिंग मशीन शून्यच दाखवते, कारण मशीन संपूर्ण दांड्याचा तोल पाहते. प्रत्येक बेअरिंगवर पडणारा भार मात्र वाढलेला असतो, आणि मुळात मी बेअरिंग गेले म्हणूनच इंजिन उघडले होते.

बॅलन्सिंगबद्दल माझी तक्रार नव्हती. या रचनेत फेऱ्यांच्या दुप्पट वेगाने येणारी बारीक थरथर क्रँक कितीही बॅलन्स केला तरी राहते. तिच्यासाठी वेगळे बॅलन्स शाफ्ट लागतात, जे मित्सुबिशीने 1970च्या दशकात आपल्या मोटारींत रुळवले. ती वगळता इंजिन खरोखर गुळगुळीत झाले होते.

मग क्लच बदलला. नवे प्रेशर प्लेटचे कव्हर (क्लच फ्लायव्हीलवर दाबून धरणारा आणि त्याच्याबरोबर फिरणारा भाग) बसले आणि सगळे बिघडले. वर्कशॉपचे म्हणणे असे की काम त्यांच्या हातून गेले तेव्हा बरोबर होते. ते खोटे नव्हते, पण रीत चुकीची होती. आधी क्रँक एकटा, मग त्यावर फ्लायव्हील, मग कव्हर, आणि प्रत्येक टप्प्यावर तोलाचा दोष ज्या भागाचा त्याच भागातून धातू काढायचा, म्हणजे पुढे कोणताही भाग बदलता येतो. यांनी तिन्ही एकदम चढवून कव्हरचा दोष क्रँकला भोके पाडून भरून काढला होता आणि बॅलन्सिंगच्या चार्टवर त्याचा उल्लेखही केला नव्हता. जुने कव्हर गेले, भोके राहिली. फोनवर तीनदा वाद झाला. शेवटी इंजिन पुन्हा उघडण्याचा 22,000 रुपयांचा अंदाज त्यांनी मलाच ऐकवला.

माझी एक खोड या वेळी कामाला आली. बदललेला प्रत्येक भाग मी घरी आणतो, आणि त्यावरून आमच्या सौ. मला भंगारवाला म्हणतात. जुने कव्हर पलंगाखाली गोणपाटात होते. दुसऱ्या एका बॅलन्सिंगवाल्याने ते एकटे फिरवले, तेव्हा मध्यापासून 110 मिलिमीटरवर 9 ग्रॅमचा दोष निघाला. 3000 फेऱ्यांना हे 9 ग्रॅम सुमारे 10 किलोच्या जोराने ओढतात आणि 6000 ला 40 किलोच्या. मग त्याने, स्वतःशीच हसत, निर्दोष नव्या कव्हरला नेमक्या त्याच जागी तेवढाच दोष येईल अशी समोरच्या कडेला भोके पाडली, आणि ते फ्लायव्हीलवर कोणत्या बाजूने बसवायचे त्याची पंचने खूण केली.

चांगला भाग बिघडवून घेण्याचे 700 रुपये मी आनंदाने दिले. दांडी शांत आहे. टिळक पुलावर मी एसी बंद करतो.