डॅशबोर्डचा ‘खास कलर’ आणि लेबलाखालचं लेबल

जुन्या गाडीची केबिन आतून स्वतः रंगवायचा बेत असेल, तर काउंटरवर ओरखडे काढून दाखवतात त्या रंगीत तुकड्यावर अजिबात जाऊ नका. मला त्या तुकड्यानेच गंडवलं.

गाडी टाटा ४०७. नारायणगावातून वाशीला टोमॅटोचे क्रेट नेतो, स्वतःच चालवतो. इंजिन ठणठणीत आहे, पण केबिनची पार रया गेलेली. करडा डॅशबोर्ड उन्हाने पांढरट पडलेला, दाराच्या पॅडवरचं रेक्झिन काळपट. सगळं टॅन, म्हणजे फिकट तपकिरी करायचं मनात होतं. कुशनवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून हे काम घरीच करायचं ठरवलं. यात काही वावगं नाही, हे काम घरी होतं.

दुकान ॲक्सेसरीजचं, चांगलं चालणारं. मालक म्हणाला, “दादा, पत्रा, प्लास्टिक, रेक्झिन, सगळ्याला हा एकच चालतो. इंपोर्टेड आहे. घासायचं नाही, प्रायमर नाही. आधी हे लिक्विड पुसायचं, वरून कलर मारायचा. पोरगंसुद्धा मारेल.” स्प्रेचे चार डबे आणि बाटलीभर ‘ग्रिप लिक्विड’, ३,४०० रुपये. मग त्याने टॅन रंगाचा प्लास्टिकचा तुकडा काढला, चावीने खरवडला, चिकटपट्टी लावून खसकन ओढली. रंग जागचा हलला नाही. बिल मागितलं तर म्हणाला, “पक्कं बिल केलं की अठरा टक्के वर जातील.”

खरी मेख त्या तुकड्यात होती. गाडीतलं प्लास्टिक एका जातीचं नसतं. एबीएस नावाच्या कडक प्लास्टिकवर रंग सहज धरतो. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन मात्र मेणचट असतं, त्यावर रंग नुसता बसतो, चिकटत नाही. त्याला आधी पीपीसाठीचा खास प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा खालचा हात लागतो. त्यात वर्षानुवर्षं डॅशबोर्डला चोपडलेलं सिलिकॉनचं पॉलिश, म्हणजे रंगाचा शत्रूच. दुकानातला तुकडा स्वच्छ, नीट तयार केलेला, बहुधा एबीएसचा. माझा डॅशबोर्ड पीपीचा. खाली वाकून बघितलं तर मागच्या बाजूला प्लास्टिकच्या जातीची अक्षरं कोरलेली दिसतात. जुन्या भागांवर ती नसतातही. तेव्हा मागून छोटी कपची काढून पाण्यात टाका. साधं पीपी तरंगतं, एबीएस बुडतं.

त्याने सांगितलं तसंच केलं. साबणाने धुतलं, वाळवलं, लिक्विड पुसलं, पातळ हात मारले. संध्याकाळी केबिन खरंच देखणी दिसत होती. मग गाडी उन्हात उभी राहायला लागली आणि एसीच्या नव्हे, साध्या ब्लोअरच्या जाळीपासून पोपडे सुटले. नख घातलं की रंगाचा अख्खा पापुद्रा हातात यायचा, उकडलेल्या बटाट्याच्या सालासारखा. स्टोरेजच्या कप्प्याचं झाकण एबीएसचं होतं, तिथे उलटंच झालं. लिक्विड लागलेल्या जागी प्लास्टिक मऊ पडून सुरकुतलं. दाराच्या पॅडवरचा रंग कोपर टेकलं की शर्टाला लागायचा. आतला पत्रा तेवढा झकास राहिला.

पत्र्यावर झकास आणि बाकी सगळीकडे बोंब, यावरूनच मला शंका आली. उरलेल्या डब्यावर थिनरचा बोळा फिरवला. ‘प्लास्टिक अँड व्हिनाइल’ लिहिलेलं चकचकीत लेबल कोपऱ्यातून उचकटलं आणि खाली दुसरंच लेबल निघालं: साधा स्प्रे पेंट, लोखंड आणि लाकडासाठी. मूळ किंमत, तारीख, उत्पादकाचा पत्ता, सगळं त्या खालच्या लेबलावर होतं. वरच्यावर यातलं काहीच नाही. खरं तर पॅकबंद मालावर उत्पादकाचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीसाठीचा संपर्क छापणं कायद्याने बंधनकारक आहे. ‘इंपोर्टेड’ असेल तर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ताही. हे नसेल तर डबा तिथेच खाली ठेवा.

‘ग्रिप लिक्विड’चीही तऱ्हा तीच. काचेवर एक थेंब टाकला, तो वाळून मागमूस न ठेवता उडून गेला. खऱ्या प्रायमरचा काचेवर पातळ का होईना, थर राहतो. वासावरून तर ते सरळसरळ एनसी थिनर, म्हणजे रंग पातळ करायचं द्रावण होतं, आणि ते एबीएसला खातं.

दुकानात गेलो तर मालकाचा सूर बदललेला. “तुम्ही नीट धुतलं नसणार.” लेबलं दाखवल्यावर, “माल वरून असाच येतो.” शेवटी म्हणाला, “गाडी धंद्याची आहे, ग्राहक कायदा तुम्हाला लागू नाही.” हे शेवटचं वाक्य बरेच व्यापारी फेकतात आणि लोक गप्प बसतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी वापरासाठी घेतलेला माल वगळलाय हे खरं, पण स्वयंरोजगारातून स्वतःचं पोट भरण्यासाठी घेतलेला माल त्या वगळणुकीत येत नाही. एकच गाडी, ती स्वतः चालवणारा माणूस ग्राहकच ठरतो.

दुरुस्तीला खरेदीपेक्षा जास्त खर्च आला. पीपीवरचा रंग चिकटपट्टीने ओढून निघाला, तेवढंच सुख. मग ऑटो पेंटच्या दुकानातून पक्क्या बिलावर पीपीचा प्रायमर आणि टू-के, म्हणजे वेगळा हार्डनर मिसळून मारायचा मॅट कलर आणला. आधी सिलिकॉन काढणाऱ्या द्रावणाने पुसून, हलका स्क्रबर मारून, मग प्रायमर आणि वरून रंग. हार्डनरच्या रंगात आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं, त्याला कापडी रुमाल चालत नाही. योग्य फिल्टरचा मास्क लागतो आणि काम उघड्यावर करावं लागतं. नवा माल घेतल्यावर आधी डॅशबोर्डच्या खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला मारून बघितला, चांगला सुकू दिला, ब्लेडने चौकडी कापून चिकटपट्टी ओढली आणि मगच वरच्या अंगाला हात लावला. डॅशबोर्डचा माथा गडदच ठेवला. टॅन माथ्याचं प्रतिबिंब दुपारी समोरच्या काचेवर पडून रस्ता दिसेनासा होतो. दाराच्या पॅडना नवं रेक्झिनच चढवलं, चिकट झालेल्या रेक्झिनवर पुन्हा रंगाचा प्रयोग करण्यात अर्थ नव्हता.

तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवली. बिल नव्हतं, पण यूपीआयची नोंद, दोन्ही लेबलांचे फोटो आणि “सगळ्याला एकच चालतो” असा त्याचा व्हॉट्सॲपवरचा मेसेज होता. डबे फेकले नव्हते, ते फार कामी आले. हेल्पलाइनवर निपटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही.

तक्रारीची प्रत पोहोचल्यावर मालकाने किटचे ३,४०० परत पाठवले. थिनरने खाल्लेल्या झाकणाचे आणि नव्या रेक्झिनचे पैसे द्यायला तो तयार नाही, त्यासाठी आता आयोगाचे कागद भरतोय.