आरटीएक्स ४०६० टीआय, १६ जीबी: डेस्कटॉप निवडताना काय पाहिलं आणि वापरात काय टिकलं

एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० टीआय हे ग्राफिक्स कार्ड असलेला हा डेस्कटॉप घेऊन आता बरेच महिने झालेत. दिवसा ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये इंटिरियरचे सीन, मधूनमधून व्हिडिओ एडिटिंग आणि रात्री वेळ मिळाला तर गेम, एवढं काम त्याच्यावर रोज पडतं. १४४०पी (२५६० बाय १४४० पिक्सेल) मॉनिटर आधीपासून होता आणि तो बदलायचा नव्हता. निम्मी निवड तिथेच झाली होती, कारण पडदा कुठला हे ठरल्याशिवाय ग्राफिक्स कार्ड पुरेसं आहे की नाही हे सांगताच येत नाही. १०८०पीवर एका फ्रेममध्ये साधारण २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४०पीवर ३६.९ लाख, तर ४केवर ८२.९ लाख. पहिल्या पडद्यावर आरामात चालणारं कार्ड तिसऱ्यावर धापा टाकतं. चाचण्यांचा कुठलाही तक्ता समोर आला की मी आधी रिझोल्यूशन बघते आणि ते १४४०पी नसेल तर पुढे वाचतही नाही.

दुसरी गोष्ट कार्डाच्या नावाची. नावावर विसंबून कॉम्प्युटर घेऊ नये, हे मी ठामपणे सांगेन. जीटी १०३० हे एकच नाव दोन वेगळ्या मेमऱ्यांवर चिकटवलं गेलं. जीडीडीआर५ असलेल्या कार्डाची बँडविड्थ, म्हणजे मेमरीतून डेटा पोचायचा वेग, सेकंदाला ४८ जीबी, तर डीडीआर४ असलेल्याची १७ च्याही आत. जीटीएक्स १०६० च्या ३ जीबी आवृत्तीत मेमरी तर कमी होतीच, कोअरसुद्धा (चिपमधली हिशोब करणारी एककं) १२८० ऐवजी ११५२ होते. आरटीएक्स ३०६० मध्ये १२ जीबीवाल्याची मेमरी बस, म्हणजे चिप आणि मेमरी यांच्यातली वाट, १९२ बिटची आणि नंतर आलेल्या ८ जीबीवाल्याची १२८ बिटची. तयार डेस्कटॉपच्या माहितीत नुसतं 'आरटीएक्स ३०६०' छापलेलं असेल तर यातलं नेमकं कुठलं, हे विचारून घ्या आणि बिलावर लिहून घ्या. लॅपटॉपच्या चाचण्यांचे आकडे डेस्कटॉपला लावू नका. नाव सारखं असलं तरी आतली चिप आणि तिला मिळणारे वॅट वेगळे असू शकतात.

माझ्यापुढे शेवटी आरटीएक्स ४०६० टीआयच्या दोन आवृत्त्या उरल्या, दोन्ही २०२३ च्या. चिप तीच, ४३५२ कोअर तेच, १२८ बिटची बस तीच, सेकंदाला २८८ जीबीची बँडविड्थ तीच. फरक मुख्यतः मेमरीचा, एकात ८ जीबी आणि दुसऱ्यात १६. सरासरी एफपीएसच्या (सेकंदाला किती फ्रेम) बहुतेक तक्त्यांत दोन्ही जवळजवळ एकाच रेषेत दिसतात, त्यामुळे '१६ जीबी घेणं म्हणजे पैसे वाया' हे मत जागोजागी वाचायला मिळालं. फक्त गेम खेळणाऱ्यांसाठी त्यात तथ्य असेलही. मी मात्र घेण्याआधी जुन्या मशीनवर माझा नेहमीचा सगळ्यात जड सीन रेंडरला (अंतिम चित्र तयार करायला) लावला आणि टास्क मॅनेजर उघडून ठेवला. कार्डाची स्वतःची मेमरी, म्हणजे 'डेडिकेटेड', काठोकाठ भरली आणि 'शेअर्ड'चा, म्हणजे कॉम्प्युटरच्या रॅममधून उसन्या घेतलेल्या मेमरीचा, आकडा चढत गेला. दोन्हींची बेरीज ८ जीबीच्या बरीच पुढे गेली. मला कुठलं कार्ड हवंय याचं उत्तर त्या बेरजेत होतं.

मेमरी जाते कुठे, हे एकदा हिशोब करून बघण्यासारखं आहे. सोफ्याच्या कापडाचं ४०९६ बाय ४०९६ पिक्सेलचं, चार चॅनेलचं टेक्स्चर (पृष्ठभागावर चढवायचं चित्र) मेमरीत उलगडलं की ६४ एमबी घेतं. डिस्कवर तीच जेपेग फाइल चार-पाच एमबीची असली तरी इथे काही फायदा नाही, कारण रेंडरला उलगडलेले पिक्सेल लागतात. रंग, रफनेस, नॉर्मल आणि डिस्प्लेसमेंट असे एका मटेरियलचे चार मॅप धरले तर २५६ एमबी. एका खोलीत वीस मटेरियल सहज होतात, म्हणजे नुसत्या टेक्स्चरांनीच पाच जीबी खाल्ले. त्यावर पडद्यांची आणि झाडांची जॉमेट्री (आकार), डीनॉइझर (चित्रातले ठिपके काढणारा भाग), मागे उघडा ब्राउझर आणि खुद्द विंडोज. ८ जीबीत हे मावत नाही. मेमरी संपली की रेंडर एकतर एरर देऊन थांबतो, नाहीतर मदरबोर्डवरच्या रॅमचा आधार घेतो आणि त्याचा वेग कमालीचा पडतो, कारण ती रॅम कार्डापासून पीसीआय एक्सप्रेस स्लॉटच्या पलीकडे आहे. या कार्डाला त्या स्लॉटच्या आठच लेन (डेटाच्या वाटा) मिळतात, हेही लक्षात घ्यायला हवं. मदरबोर्ड जुना, पीसीआय एक्सप्रेस ३.० चा असेल तर ती वाट आणखी अरुंद होते.

इतक्या महिन्यांत मेमरीअभावी एकही रेंडर थांबलेला नाही. माझ्यासाठी या मशीनची ही सगळ्यात मोठी कमाई आहे. क्लायंटने आयत्या वेळी 'अजून दोन झाडं टाका' म्हटलं तर आता टेक्स्चर लहान करत बसावं लागत नाही. पण जादा मेमरीने वेग वाढत नाही, हेही तितकंच स्पष्ट सांगायला हवं. लहान सीन ८ जीबीवालं कार्ड जेवढ्या वेळात रेंडर करेल, साधारण तेवढाच वेळ हेही घेतं.

गेमकडे येते. सरासरी एफपीएस हा आकडा मी आता जवळपास बघतच नाही. एका सेकंदात साठ फ्रेम आल्या म्हणजे सरासरी ६० एफपीएस. पण त्या प्रत्येकी १६.७ मिलिसेकंदांनी एकसारख्या येऊ शकतात, किंवा पन्नास फ्रेम प्रत्येकी १० मिलिसेकंदांत आणि उरलेल्या दहा प्रत्येकी ५० मिलिसेकंदांत येऊ शकतात. दोन्हींची बेरीज एक सेकंदच. तक्त्यात दोन्ही ६०. खेळताना मात्र पहिलं गुळगुळीत आणि दुसरं इतकं अडखळणारं की मान फिरवताना चित्राला हिसके बसतात. म्हणून '१ टक्का लो' बघायचं, म्हणजे सगळ्यात मंद एक टक्का फ्रेममध्ये काय झालं ते. त्याहून चांगला फ्रेमटाइमचा आलेख. कॅपफ्रेमएक्स किंवा प्रेझेंटमॉन वापरून तो घरी काढता येतो आणि दोन्ही मोफत आहेत. मेमरी कमी पडली की धक्का आधी या आलेखाला बसतो आणि सरासरीला बऱ्याचदा नंतर. काही गेम तर त्याहून वेगळं वागतात. मेमरी भरली की ते गुपचूप कमी दर्जाचं टेक्स्चर लावतात. एफपीएस तसाच राहतो, पण भिंतीवरची अक्षरं धूसर होतात. हे कुठल्याही आकड्यात दिसत नाही, त्यासाठी स्क्रीनशॉट शेजारी ठेवूनच बघावं लागतं.

कार्ड मंद आहे की प्रोसेसर, हे ओळखायची सोपी चाचणी म्हणजे रिझोल्यूशन खाली आणणं. १४४०पीवरून १०८०पीवर आल्यावर एफपीएस चांगला वाढला तर कार्डावर ताण होता. जागचा हलला नाही तर अडवणूक प्रोसेसरची आहे, आणि अशा वेळी महागडं कार्ड घेऊन काही हाती लागणार नाही.

डीएलएसएसबद्दल, म्हणजे कमी रिझोल्यूशनचं चित्र एआयने वाढवून दाखवण्याच्या सोयीबद्दल, माझं मत दुहेरी आहे. 'क्वालिटी' मोड मी नेहमी चालू ठेवते. त्यात १४४०पीचं चित्र आत साधारण ९६०पीवर तयार होतं आणि मग वाढवलं जातं. बारीक तारा किंवा जाळी सोडली तर मला फरक जाणवत नाही. फ्रेम जनरेशन ही वेगळी बाब आहे. मधल्या फ्रेम तयार करून घातल्या जातात, पण माउस हलवल्यावर मिळणारा प्रतिसाद मूळ फ्रेमच्याच वेगाचा राहतो, किंचित मंदच. मूळ वेग ६० च्या पुढे असेल तर छान वाटतं. ३० वरून ६० केलेलं दिसायला ६० आणि हाताला ३० लागतं. नव्या कार्डाच्या जाहिरातीत जुन्यापेक्षा दुप्पट-तिप्पट उंच पट्टी दिसली की खालची बारीक टीप आधी वाचावी. बहुतेक वेळा तिथे फ्रेम जनरेशन चालू असतं.

व्हिडिओसाठी घेतलेला निर्णय फारसा कोणी सुचवत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. माझा कॅमेरा १० बिट ४:२:२ एचईव्हीसी, म्हणजे जास्त रंगमाहिती ठेवणाऱ्या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये, रेकॉर्ड करतो. आरटीएक्स ४० मालिकेची कार्डं, म्हणजे माझंही, हा प्रकार हार्डवेअरवर डीकोड करत (उलगडत) नाहीत. इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधलं अंगभूत ग्राफिक्स मात्र तो करतं. म्हणून नावामागे 'एफ' असलेला प्रोसेसर मी टाळला, कारण त्यात अंगभूत ग्राफिक्सच नसतं. आज टाइमलाइनवर मागेपुढे करताना टास्क मॅनेजरमध्ये इंटेलच्या ग्राफिक्सचा डीकोडचा आलेख वर जातो आणि कार्ड इफेक्टसाठी मोकळं राहतं. एडिटिंग सॉफ्टवेअर याला साथ देतं का, हे मात्र आधी तपासून घ्यावं. एक्सपोर्टसाठी कार्डावरचा एव्ही१ या व्हिडिओ फॉरमॅटचा एन्कोडर उत्तम आहे.

ज्यांना ऑफिसचं काम आणि व्हिडिओ बघणं एवढंच करायचंय, त्यांनी कार्ड घेऊच नये, अंगभूत ग्राफिक्स पुरेसं आहे. फक्त रॅमची एकच काडी असलेला तयार डेस्कटॉप टाळावा. अंगभूत ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमच वापरतं. डीडीआर५ ५६०० ची एक काडी सेकंदाला ४४.८ जीबी देते, तर दोन काड्या ड्युअल चॅनेलमध्ये ८९.६.

आता तक्रार. पहिल्या कॅबिनेटची पुढची बाजू बंद काचेची होती आणि दिसायला देखणी. एका मिनिटाच्या बेंचमार्कमध्ये सगळं ठीक दिसायचं. पण अर्ध्या तासाच्या रेंडरमध्ये कार्डाचं तापमान चढत राहायचं, क्लॉक (चिपचा वेग) खाली यायचा आणि पंख्यांचा आवाज शेजारच्या खोलीपर्यंत जायचा. तेही अवघ्या १६५ वॅटच्या कार्डाला. जाळीची पुढची बाजू असलेलं कॅबिनेट आणलं आणि दोन्ही त्रास गेले. म्हणून कामगिरी मोजायची तर लांबवर मोजावी. थ्रीडीमार्क या चाचणी सॉफ्टवेअरच्या स्ट्रेस टेस्टमध्ये तोच सीन वीस वेळा चालतो आणि फ्रेम रेट किमान ९७ टक्के स्थिर राहिला तरच मशीन पास होतं. विकणाऱ्याला ही चाचणी आपल्यासमोर चालवायला सांगण्यात काही गैर नाही.

मशीन घरी आल्यावर दोन गोष्टी लगेच बघायच्या. मॉनिटरची केबल मदरबोर्डला नाही तर कार्डाला लागलीय का, आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट (सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं) ६० वरच अडकलेला नाही ना.

उणीव एक आहे आणि ती मोठी आहे. ४केसाठी हे कार्ड नाही. १६ जीबी मेमरी असली तरी १२८ बिटच्या बसमधून तेवढे पिक्सेल वेळेवर पोचत नाहीत. मित्राचा ४के मॉनिटर जोडून पाहिला तेव्हा जड गेममध्ये सेटिंग्ज मध्यमवर आणूनही फ्रेमटाइमचा आलेख शांत होईना. रे ट्रेसिंगही (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढणं) मी १४४०पीवर निवडक गेममध्येच चालू करते. ४के पडद्यावर खेळायचं असेल तर आधी रुंद बस असलेलं, वरच्या श्रेणीतलं कार्ड बघा. माझ्यासारखं १४४०पीवर काम असेल आणि सीन टेक्स्चरांनी भरलेले असतील, तर हेच कार्ड मी आजही घेईन.