आयबीएसमधील बद्धकोष्ठता आणि पोटातील कळा: कोणता उपाय कशावर लागू पडतो?

आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, हा पोट वारंवार दुखणे आणि शौचाचे तंत्र बिघडणे असा आतड्याचा दीर्घकालीन विकार. त्याच्या ज्या प्रकारात बद्धकोष्ठता प्रमुख असते, त्यात रुग्णाचे गाऱ्हाणे दुहेरी असते: पोट साफ होत नाही आणि पोटात कळा येतात. दोन्ही तक्रारी एकाच आतड्याच्या असल्या, तरी एकीवरचा उपाय दुसरीलाही लागू पडेल असे मुळीच नाही. रेचक घेतल्यावर पोट साफ होते पण कळ वाढते, आणि कळ थांबवणाऱ्या काही गोळ्यांनी आधीच मंद असलेले आतडे आणखी मंदावते. म्हणूनच ‘सगळ्यांत चांगले औषध कोणते’ या प्रश्नापेक्षा ‘मला अधिक त्रास कशाचा आहे’ हा प्रश्न आधी सोडवावा, असे माझे मत आहे. पुढची तुलना त्याच अंगाने केली आहे.

त्याआधी निदानाविषयी थोडे. २०१६ साली ठरलेल्या रोम ४ निकषांनुसार (तज्ज्ञांनी निदानासाठी ठरवलेल्या अटींनुसार), गेल्या ३ महिन्यांत आठवड्यातून सरासरी निदान १ दिवस पोट दुखणे, त्या दुखण्याचा शौचाशी, शौचाच्या वेळांतील बदलाशी किंवा मलाच्या स्वरूपातील बदलाशी, म्हणजे या तिन्हींपैकी किमान दोन गोष्टींशी संबंध असणे आणि त्रास सुरू होऊन ६ महिने उलटलेले असणे, या अटी पुऱ्या झाल्या तर आयबीएस म्हणता येते. पोट दुखतच नसेल, तर ती जुनाट बद्धकोष्ठता असते आणि तिच्यावरच्या उपायाची निवड तुलनेने सोपी असते. मात्र शौचावाटे रक्त जाणे, कारणाशिवाय वजन घटणे, रक्तक्षय, ताप, दुखण्याने झोपमोड होणे, घरात कोणाला मोठ्या आतड्याचा कर्करोग झालेला असणे किंवा त्रास पन्नाशीच्या सुमारास किंवा त्यानंतर प्रथमच सुरू होणे, यांपैकी काहीही असेल तर खालची तुलना बाजूला ठेवून आधी तपासणी करून घ्यावी. पोट ताठ फुगून वायूही सरत नसेल आणि उलट्या होत असतील, तर रेचक न घेता तातडीने रुग्णालय गाठावे. लोहाच्या वा कॅल्शियमच्या गोळ्या आणि अफूवर्गीय वेदनाशामके यांनीही मलावरोध होतो. चालू औषधांची यादी डॉक्टरांना दाखवल्यावर कधीकधी नव्या औषधाची गरजच उरत नाही.

इसबगोल की कोंडा?

‘तंतुमय पदार्थ वाढवा’ हा सल्ला प्रत्येकाला मिळतो, पण कोणते तंतू हे क्वचितच सांगितले जाते, आणि आयबीएसमध्ये खरा फरक तिथेच पडतो. इसबगोल ग्लासभर पाण्यात ढवळून काही मिनिटे ठेवले, तर भुशी फुगून पाणी घट्ट होते आणि त्याची बुळबुळीत खळ बनते. आतड्यातही हेच घडते: मलात पाणी धरून ठेवले जाते, तो मऊ होतो आणि पुढे सरकताना घासत नाही. शिवाय इसबगोल आतड्यात फारसे आंबत नसल्याने वायू बेताचाच धरतो. गव्हाचा कोंडा मात्र विरघळत नाही. साध्या बद्धकोष्ठतेत तो चालून जातो, पण संवेदनशील आतड्यात त्याने पोटफुगी आणि कळा वाढल्याचा अनुभव अनेकांना येतो. त्यामुळे आयबीएसच्या उपचारांत विरघळणाऱ्या तंतूंचीच शिफारस केली जाते. माझ्या दृष्टीने हा सामना बरोबरीचा नाही.

इसबगोल फसते ते बहुधा घेण्याच्या पद्धतीमुळे. पहिल्याच दिवशी मोठे चमचे भरून घेतले की पोट डब्ब होते आणि डबा कायमचा कपाटात जातो. दिवसाला ३-४ ग्रॅमपासून सुरुवात करून दर आठवड्याला थोडे वाढवावे, भरपूर पाण्यात कालवून लगेच प्यावे, इतर औषधांपासून दोनेक तासांचे अंतर ठेवावे आणि निदान ४ आठवडे तरी निकाल लावू नये. गिळण्यास त्रास असणाऱ्यांनी ते टाळावे. ज्यांना ही खळ घशाखाली उतरतच नाही, त्यांच्यासाठी किवी हा विचार करण्याजोगा पर्याय आहे: २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या, न्यूझीलंड, इटली आणि जपान येथे झालेल्या एका चाचणीत रोज दोन हिरवी किवी फळे इसबगोलाच्या तोडीस तोड ठरली.

पोट साफ करणारी औषधे

तंतूंनी भागले नाही, तर पुढची पायरी पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पूड. ती पाणी स्वतःसोबत आतड्यात घेऊन जाते, आंबत नाही, साधारण १ ते ३ दिवसांत गुण देते आणि मात्रा कमीजास्त करून दीर्घकाळ घेता येते. पण तिची मर्यादा आधीच ठाऊक असावी: चाचण्यांत तिने शौचाच्या वेळा वाढल्या, मात्र पोटदुखीवर तिचा परिणाम लटक्या (औषधी घटक नसलेल्या) औषधापेक्षा सरस दिसला नाही. लॅक्टुलोजही पाणी ओढते, परंतु ते आतड्यातील जिवाणूंमुळे आंबते आणि वायू धरतो, त्यामुळे आयबीएसच्या रुग्णाने ते शक्यतो टाळलेले बरे. सोनामुखी आणि बिसाकोडिल ही उत्तेजक रेचके रात्री घेतली की ६ ते १२ तासांत काम करतात, पण ती आतड्याला बळेच आकुंचन पावायला लावतात. ज्याची मुख्य तक्रारच कळांची आहे, त्याने ती अडल्यावेळेसाठी राखून ठेवावीत.

कळा थांबवणारी औषधे

येथे निवड अधिक नाजूक आहे. डायसायक्लोमिन आणि हायोसिन ब्युटिलब्रोमाइड आतड्याच्या स्नायूंचा पेटका सोडवतात, पण ज्या मज्जासंदेशांना अडवून ते हे साधतात, तेच संदेश आतडे हलते ठेवत असतात. परिणामी तोंड कोरडे पडते आणि मलावरोध वाढू शकतो. डायसायक्लोमिनच्या बाबतीत हे अधिक जाणवते. काचबिंदूचा किंवा लघवी अडण्याचा त्रास असणाऱ्यांनी ती विचारल्याशिवाय घेऊच नयेत. मेबेव्हेरिन मुख्यतः स्नायूवर थेट काम करते आणि जेवणाआधी सुमारे २० मिनिटे घेतले जाते. पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल तर मलावरोध असणाऱ्याला मला सर्वांत सोयीच्या वाटतात. त्यातील मेन्थॉल स्नायूपेशींत कॅल्शियमचा शिरकाव रोखते आणि स्नायू सैल पडतो. मात्र कॅप्सूलवर जठरात न विरघळणारे आवरण हवे, ती चावू नये आणि आम्लपित्ताच्या औषधासोबत घेऊ नये, नाहीतर तेल जठरातच सुटून छातीत जळजळ होते. ज्यांना मुळातच जळजळीचा त्रास आहे, त्यांच्यासाठी हा पर्याय गैरसोयीचा ठरतो. पोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवल्याने कळ चटकन ओसरते, आणि तिचा आतड्याच्या गतीवर वाईट परिणाम होत नाही.

दुहेरी दावा करणारी औषधे थोडी आहेत आणि ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळतात. लिनॅक्लोटाइड आतड्यात द्रव सोडवते आणि वेदनेच्या तंतूंची संवेदनाही कमी करते. ते उपाशीपोटी, न्याहारीच्या निदान अर्धा तास आधी घ्यायचे असते. जेवणाबरोबर घेतले तर जुलाब अधिक होतात, आणि जुलाब हाच त्याचा मुख्य दुष्परिणाम आहे. शौचातला फरक पहिल्याच आठवड्यात दिसू लागतो, तर वेदनेतला पुरता फरक दिसायला दोन ते तीन महिने लागू शकतात, हे सांगितले न गेल्याने कित्येक जण ते अर्ध्यावरच सोडतात. ल्युबिप्रोस्टोन याउलट जेवणासोबत घ्यावे लागते, कारण त्याने मळमळते. इसबगोल आणि पॉलिएथिलीन ग्लायकॉल नीट वापरून पाहण्याआधी थेट या औषधांकडे वळण्याचे सहसा कारण नाही.

आहारात बदल करायचा, तर ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठात विकसित झालेल्या कमी-फॉडमॅप आहाराचे नाव हमखास निघते. फॉडमॅप म्हणजे आतड्यात नीट न शोषली जाणारी आणि आंबून वायू धरणारी कर्बोदके. पोटफुगी आणि दुखणे यांवर त्याचा गुण येतो. मलावरोधावर मात्र भरवसा ठेवू नये, कारण अनेक फळे, कडधान्ये आणि गहू वगळल्यावर तंतूच कमी पडतात. हा आहार २ ते ६ आठवड्यांपुरता, शक्यतो आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली आणि इसबगोल चालू ठेवून करावा. पुढे एकेक पदार्थ परत आणलाच पाहिजे. वेदना हटत नसेल तर अमिट्रिप्टिलीन या मूळच्या नैराश्यावरील औषधाची अल्प मात्रा दिली जाते, पण तीही मलावरोध वाढवू शकते. आतड्यावर केंद्रित संमोहनाचा गुण मँचेस्टरच्या डॉक्टरांनी १९८४ सालीच चाचणीतून दाखवला होता; त्यात असा दुष्परिणाम नाही, अडचण आहे ती जाणकार उपचारक मिळण्याची.

तेव्हा मुख्य त्रास कुंथण्याचा आणि खड्यासारख्या मलाचा असेल, तर इसबगोल आणि गरजेनुसार पॉलिएथिलीन ग्लायकॉल, हा माझा कौल. मुख्य त्रास कळांचा असेल, तर इसबगोलाच्या जोडीला पेपरमिंट किंवा मेबेव्हेरिन. दोन्ही सारखेच छळत असतील आणि दोन-तीन महिन्यांत फरक नसेल, तर लिनॅक्लोटाइडविषयी डॉक्टरांशी बोलावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही. न्याहारीनंतर मोठे आतडे आपणहून जोर धरते, ती वेळ घाईत दवडू नये. कमोडवर बसताना पायांखाली छोटे स्टूल घेऊन गुडघे कमरेच्या वर आणले, की गुदमार्गाला वळण देणारा स्नायू सैल पडतो. मल मऊ असूनही बाहेर पडत नसेल, बोटाने मदत करावी लागत असेल किंवा जोर केल्यावर मार्ग उलट आवळल्यासारखा वाटत असेल, तर दोष बहुधा ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या ताळमेळात असतो. तिथे रेचकाची मात्रा वाढवून उपयोग नाही. ती तपासणी वेगळी असते आणि बायोफीडबॅकच्या, म्हणजे स्नायूंची हालचाल यंत्रावर पाहत ती सुधारण्याच्या, प्रशिक्षणाने त्यात चांगली सुधारणा होते.