डेबियन १३ : दिवाळी ते द्राक्ष हंगाम

दिंडोरी रोडला मावसभावाचं पॅकहाऊस आहे. तिथला चार जीबी रॅमचा सर्व्हर मी सांभाळतो. मेहनताना म्हणजे हंगामात थॉमसन द्राक्षांची एक पेटी. त्यावर डेबियन ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम आहे. तिची आवृत्ती १३ आली ९ ऑगस्ट २०२५ ला, आम्ही टाकली दिवाळीच्या सुट्टीत. अपग्रेड बिनबोभाट झालं. जानेवारीपर्यंत तक्रारीला जागा नव्हती.

मग माल सुरू झाला. रोज रात्री क्रेटचे फोटो आणि रेसिड्यू रिपोर्ट (फळावरच्या औषधांच्या अंशांची तपासणी) यांचा एक गठ्ठा बांधून बाहेरच्या डिस्कवर जातो. स्क्रिप्ट माझीच, जुनीपानी. गठ्ठा आधी टीएमपी फोल्डरात, म्हणजे तात्पुरत्या फाइलींच्या जागेत, बांधते. एके दिवशी भावाचा फोन : "दादा, चार दिवस झाले, बॅकअपचा मेल नाही. तू बंद केलाय का?" बघतो तर ‘जागा शिल्लक नाही’. डिस्कवर तीनशे जीबी मोकळे!

१३ पासून टीएमपी डिस्कवर नसतं, मेमरीत असतं आणि नेमून दिल्याशिवाय रॅमच्या निम्म्यापर्यंतच वाढतं. आमच्याकडे दोन जीबी. दिवाळीत गठ्ठा लहान होता म्हणून निभावलं. हे सगळं रिलीज नोट्समध्ये, म्हणजे नव्या आवृत्तीसोबतच्या सूचनांमध्ये, आहे, जुनी पद्धत परत कशी आणायची तेही आहे. आणि मी ते वाचलंही होतं! ‘मेमरीत’ म्हणजे वेगवान, छान, असं म्हणत पुढे गेलो.

त्याच नोट्समध्ये ३२ बिटवाल्यांना सरळ सांगितलंय : अपग्रेड करू नका. त्यामुळे वजनकाट्याजवळचा म्हातारा पीसी मी १२ वरच ठेवला. तिथे कोणाला सांगतोय ते कळतं. टीएमपीच्या नोंदीत मला मी दिसलोच नाही.

याबाबतीत ओपनएसएसएचवाले (दूरच्या सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करणारं सॉफ्टवेअर बनवणारे) मला जास्त आवडतात. जुनी एसएचए-१ वाली आरएसए सही (जोडणीत ओळख पटवायची, आता कमकुवत ठरलेली पद्धत) बंद होणार, हे त्यांनी फेब्रुवारी २०२० मध्ये ८.२ सोबत सांगितलं, बंद केली सप्टेंबर २०२१ मध्ये, ८.८ ला. दीड वर्ष दिलंच, शिवाय सूचनेत एक कमांड दिली : ही चालवा, जोडणी तुटली तर समोरचा सर्व्हर सुधारायला हवा. वाचणाऱ्याची समज कशी का असेना, मशीनच उत्तर देतं. डेबियनने ‘तुमच्या टीएमपीत एका वेळी किती साठतं ते आधी मोजा’ एवढी ओळ घातली असती, तर माझ्यासारखा घाईतला माणूसही थांबला असता.

बाकी सिस्टिमला पैकीच्या पैकी. स्क्रिप्ट आता व्हार-टीएमपी या दुसऱ्या तात्पुरत्या फोल्डरात गठ्ठा बांधते, ते डिस्कवरच आहे. नव्याने टाकलेल्या मशीनवर मात्र तिथल्या तीस दिवसांहून जुन्या फाइली आपोआप पुसल्या जातात. ही नोंद मी दोनदा वाचली.