मंद हेडलाइट: रिले टाकून हॅलोजनच ठेवावा, की सरळ एलईडी बल्ब?

जुन्या ऑल्टो-वॅगनआरसारख्या गाडीत रात्री नीट दिसेना झालं की दोन सल्ले मिळतात. एक म्हणजे, मूळचा एच-४ (अप्पर-डिपर एकाच बल्बमध्ये असलेला) हॅलोजन ठेवा आणि रिले, म्हणजे थोड्या करंटवर चालणारा आणि मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, टाकून घ्या. दुसरा म्हणजे, कशाला ती वायरिंगची भानगड, एलईडी बसवा आणि मोकळे व्हा. माझ्या गाडीत दोन्ही प्रकार आलटूनपालटून होते. गाडी रिफ्लेक्टरवाली आहे, म्हणजे बल्बमागच्या चकचकीत वाटीवरून उजेड पुढे फेकणारी, त्यामुळे ज्यांच्याकडे मुळातच प्रोजेक्टर (भिंगातून उजेड टाकणारा दिवा) आहे त्यांना यातलं अर्धंच लागू पडेल.

पैसे घालण्याआधी मात्र काच बघा. पिवळट, धुरकट झालेल्या काचेमागे कुठलाही बल्ब लावा, उजेड तिथेच अडतो. पाण्यात भिजवून ८००, मग १५००, मग २००० नंबरचा पॉलिश पेपर आणि वरून यूव्ही क्लिअर कोट, एवढ्यात काम होतं. टूथपेस्टने चकाकी येते, पण थोडेच दिवस. आतला रिफ्लेक्टर काळवंडला असेल तर मात्र घासायला जाऊ नका. त्यावरचा ॲल्युमिनियमचा मुलामा इतका पातळ असतो की कापडानेही निघून येतो. तो दिवा बदलायचाच.

काच ठीक आहे आणि तरीही उजेड मंद, तर मल्टिमीटर घ्या. इंजिन चालू, दिवे चालू. बॅटरीवर १४ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. मग होल्डरच्या मागून, बल्ब जोडलेला असतानाच मोजा. बल्ब काढून मोजलं तर करंटच वाहत नाही, मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो आणि आपण फसतो. तिथे १२.५ किंवा त्याहून कमी भरलं, तर दोष बल्बचा नाही, वायरिंगचा. हॅलोजनचा स्वभाव असा की व्होल्टेज १० टक्के पडलं तर उजेड जवळपास ३० टक्के पडतो. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या लहान गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून येतो. बारीक वायर, जुने कॉन्टॅक्ट. माझा होल्डर काढला तेव्हा एका पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलं होतं आणि पिन बोटाने हलत होती.

रिले इथे उपयोगी पडतो. जाड वायर थेट बॅटरीपासून बल्बपर्यंत जाते, जुना स्विच फक्त रिले चालू-बंद करतो. सोबत सिरॅमिकचे होल्डर आणि चांगल्या कंपनीचा ६०/५५ वॉटचाच बल्ब. १००/९०च्या मोहात पडू नका. तो रस्त्यासाठी कायदेशीर नाही, आणि त्याची उष्णता रिफ्लेक्टर खाते. रिले टाकल्यावर दिवा बदलल्यासारखं वाटत नाही, गाडी नवी असताना जसा होता तसा वाटतो. ज्यांना एकदम लखलखाट हवा आहे त्यांची थोडी निराशा होईल, हे आधीच सांगतो.

लखलखाट एलईडीकडे आहे, यात वाद नाही. करंट कमी ओढतो, व्होल्टेज थोडं पडलं तरी त्याला फरक पडत नाही, अर्ध्या तासात बसतो. कोरड्या चौपदरी रस्त्यावर पांढरे पट्टे आणि हिरवे फलक असे उजळून निघतात की पहिल्या रात्री आपण खूश होऊन घरी येतो. मीही आलो होतो.

मग दुपदरी रस्ता लागला. कराडहून चिपळूणकडे जाताना समोरून येणारा प्रत्येक जण मला अप्पर मारायला लागला. माझा दिवा डिपरवरच होता. मी त्यांना एकदा अप्पर देऊन दाखवायचो, की बघा, आधी डिपरच होता. त्याने ते आणखी चिडायचे आणि अप्पर ठेवूनच अंगावर यायचे. म्हणजे जास्त दिसावं म्हणून लावलेल्या दिव्यामुळे मला दर गाडीमागे काही क्षण काहीच दिसत नव्हतं. बल्ब फिरवून चिप बरोबर डाव्या-उजव्या बाजूला आणल्या, दिवा थोडा खाली केला. अप्पर मारणारे कमी झाले, थांबले नाहीत.

कारण साधं आहे. एच-४ चा रिफ्लेक्टर एका बारीक फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. डिपरच्या फिलामेंटखाली धातूची छोटी वाटी असते, ती वर जाणारा उजेड अडवते. त्यातून उजेडाची एक स्वच्छ कड पडते, जी आपल्याकडे डाव्या बाजूला वर चढत जाते. समोरच्याच्या डोळ्यांत न जाता रस्त्याची डावी कडा दूरवर दिसावी यासाठीच ती आहे. उसाच्या हंगामात आमच्या भागात त्याच कडेला मागचा दिवा नसलेली ट्रॉली उभी असते, म्हणून मला ती कड फार प्रिय. एलईडीची चिप रुंद, जागा थोडी इकडेतिकडे, आणि ती कड विस्कटते. काही महागडे एलईडी बल्ब हे बरंच सांभाळतात असं ऐकतो, तसा अनुभव कुणाला असेल तर मी खोटं ठरवणार नाही.

पावसाचंही बोलायला हवं. कुंभार्ली घाटात जुलैमध्ये ओल्या डांबरावर पांढरा उजेड कुठे गेला ते कळायचं नाही, पुढ्यात मात्र थेंबांचा पडदा चमकत राहायचा. हॅलोजनच्या पिवळसर उजेडात रस्त्याचा पोत थोडा तरी लागतो. हे मी लक्समीटरने मोजलेलं नाही, डोळ्यांनी ठरवलंय. शिवाय गाडीच्या अगदी पुढ्यात फार उजेड पडला की बाहुल्या आकसतात आणि लांबचं उलट कमी दिसतं, हेही एलईडीच्या वेळी जाणवलं.

तुमचा प्रवास बहुतेक द्रुतगती मार्गावर होत असेल, मध्ये उंच दुभाजक असेल, तर एलईडी घेतलात म्हणून मी नाक मुरडणार नाही. फक्त वाहनात परस्पर बदल करण्याबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, ते लक्षात असू द्या. ज्यांना घाट, दुपदरी रस्ते आणि पाऊस टळत नाही, त्यांनी माझ्या मते रिलेच करावा. रिले किट आणि चांगले बल्ब मिळून बऱ्यापैकी एलईडी जोडीपेक्षा स्वस्तच पडतात.

कुठलाही बल्ब घ्या, शेवटी भिंतीसमोर सपाट जागेत गाडी उभी करून दिव्याची दिशा जुळवून घ्या. दिव्यापासून १० मीटरवर उजेडाची कड दिव्याच्या उंचीपेक्षा साधारण १० सेंटिमीटर खाली यायला हवी. डॅशबोर्डवरचं लेव्हलिंगचं चाक आधी शून्यावर आणा.

रिले करणार असाल तर वायर न तोडता प्लगला प्लग जोडणारं किट मागा. काही गाड्यांत हेडलाइटचा स्विच अर्थच्या (निगेटिव्ह) बाजूला असतो, त्यांना साधं किट चालत नाही, म्हणून वायरमनला गाडीचं मॉडेल आधी सांगा. आणि फ्यूज बॅटरीला लागूनच बसवून घ्या. तो रिलेजवळ लावला तर बॅटरीपासून तिथपर्यंतच्या वायरला फ्यूजचं संरक्षणच राहत नाही.