सृष्टीसाठीची उपासना, थेट वावरात: नक्की जा, पण चपला घालून जाऊ नका

आधीच सांगून टाकतो, 5 पैकी 4 स्टार, आणि जो एक कापला तो जनरेटर आणि पेंग्विन या दोघांपायी.

आमच्या तालुक्याच्या चर्चमधे सप्टेंबरात ही उपासना असते, सृष्टीची उपासना म्हणतात सगळे. बाहेरच्यांना वाटतं पाळकसाहेबांनी काहीतरी नवीन काढलं. तसं काही नाही. 1 सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस हे कॉन्स्टँटिनोपलचे ऑर्थोडॉक्स पॅट्रिआर्क, म्हणजे धर्मप्रमुख, दिमित्रिओस यांनी 1989 मधे ठरवलं, 2015 मधे पोप फ्रान्सिस यांनी तोच दिवस कॅथलिकांसाठी लावून दिला, आणि तिथून 4 ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिसच्या सणापर्यंत, आता जगभर बऱ्याच मंडळ्या हा काळ पाळतात. आमचं चर्च सीएनआयचं (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), म्हणजे अँग्लिकन कुटुंबातलं, त्या कुटुंबातही मिशनच्या, म्हणजे चर्चच्या कामाच्या, 5 खुणा सांगितल्यात त्यातली पाचवी पृथ्वी सांभाळायचीच आहे, ती 1990 मधे जोडली. आणि आमच्याकडे यात शेजारच्या मिशनच्या कॅथलिक सिस्टरपण येतात, जे एरवी नाताळ सोडला तर क्वचितच घडतं.

आता खरी गोष्ट. हा काळ ज्यांनी ठरवला त्यांच्याकडे तेव्हा पीक घरात येत असेल, आपल्याकडे तेव्हा पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, फुलावर-बोंडावर असते, सोयाबीनच्या शेंगा भरत असतात, पोळा नुकताच झालेला किंवा अगदी तोंडावर, पाऊस एक दिवस कोसळतो आणि चार दिवस नुसता उकाडा, आणि ज्या वावरात बघाल तिथं पाठीवर पंप घेतलेला माणूस. म्हणजे हा आपल्याकडे फवारणीचा सीझन. ही गोष्ट ज्या उपासनेला कळली ती उपासना जमली, नाही कळली तर नुसतं पर्यावरण दिनाचं भाषण. आमच्याकडे एकाच दुपारी दोन्ही बघायला मिळतं, अर्धा भाग चर्चमधे आणि अर्धा वावरात.

चर्चमधला भाग कमजोर. वेळ चारची सांगतात, पाचला सुरू होते, ते सवयीचं आहे त्याचे मार्क नाही कापले. पण सुरुवातीला प्रोजेक्टरवर व्हिडिओ लावला, बर्फ वितळतोय, पांढरं अस्वल एका तुकड्यावर उभं, मग पेंग्विन, मागून गंभीर आवाज. लाइट गेली म्हणून जनरेटर, तोही खिडकीच्या बरोब्बर खाली. माझ्या मागच्या बाकावरच्या आजी शेजारणीला म्हणाल्या, "अवं माय, ह्या अस्वलाले पऱ्हाटीचं काय करा लागते?" आणि अख्खी रांग हसली. व्हिडिओ खोटा आहे असं नाही म्हणत मी, तो बर्फ आणि आपला बिघडलेला पाऊस एकाच कारणानं आहेत हे मलाही माहीत आहे, पण ते तेवढं जोडून सांगायला कोणी नको का? नाहीतर मग मृगात पेरलं आणि पंधरा दिवस पाऊस नाही, दुबार पेरणी, तो फोटो दाखवा ना. त्यानंतर बाहेरून आलेल्या एका पाहुण्यांचं बोलणं, तेही लांबलं. पोरं चुळबुळ करायला लागली, दोघं तर सरळ बाहेर जाऊन कंचे खेळत बसले.

मग उठून सगळे चालत मंडळीतल्याच एका कास्तकाराच्या वावरात गेले, चर्चपासून जवळच आहे, आणि तिथून पुढं जे झालं त्यासाठीच हा रिव्ह्यू लिहितोय.

धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक मोठं कडुलिंबाचं झाड आहे, त्याच्याखाली टेबल, त्यावर पांढरी चादर, चादरीवर भाकर आणि प्याला, आणि त्याच्या बाजूला फवारणीचा सेफ्टी किट. मास्क, चष्मा, रबरी हातमोजे, अंगावरचा एप्रन, सगळं घडी करून. दानार्पणात दरवेळी भोपळा, केळी, तांदूळ येतात तसे हे ठेवलेले. मंडळीतल्या एका ज्येष्ठांना ते पटलं नाही, प्रभूच्या मेजावर असल्या वस्तू काऊन म्हणे, आणि त्यांनी ते स्पष्ट बोलूनही दाखवलं. पाळकसाहेबांनी वाद घातला नाही, फक्त किट मेजावरून उचलून खाली पायाशी ठेवला आणि म्हणाले येशूनं शिष्यांचे पाय धुतले ते पण खालीच बसून. मला विचाराल तर किट वरच पाहिजे होता. पण माणसानं वेळ मस्त सांभाळली.

त्यानंतर 2017 ची आठवण. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली, शेकडो दवाखान्यात भरती होते, काहींच्या डोळ्यांवर परिणाम झाला. पऱ्हाटी त्या साली माणसाच्या डोक्याला लागत होती, म्हणजे फवारा थेट तोंडावर, वरून दमट ऊन, आणि दोन-तीन औषधं एकत्र करून मारायची सवय. गेलेल्यांत बरेच मजूर होते, वावर दुसऱ्याचं आणि रोजी आपली. तर प्रार्थनेत आधी मातीसाठी, मग पाण्यासाठी, मग ढोरांसाठी असं करत करत पाळकसाहेब म्हणाले आता ज्याच्या घरी कोणी पंप उचलतं त्यानं हात वर करा. जवळपास सगळेच हात वर. मग ज्याच्या त्याच्या शेजारच्यानं त्या माणसाच्या हातासाठी प्रार्थना करायची, मोठ्यानं, आपापल्या बोलीत. एका मावशीनं तर प्रभूला असं सांगितलं की ह्याले घरी आल्यावर आधी साबणानं हात धुवाची बुद्धी दे, मग जेवू दे. सृष्टीसाठीची इतकी कामाची प्रार्थना मी दुसरीकडे ऐकली नाही. अगदी मनापासून आमेन म्हणालो.

कबुलीची प्रार्थना पण इथलीच होती, छापील नाही. पऱ्हाट्या पेटवतो, धुरा तणनाशकानं जाळतो, औषधाच्या रिकाम्या बाटल्या नाल्यात फेकतो, त्याच नाल्यावर बाया कपडे धुतात, असं एकेक वाक्य आणि त्यावर सगळ्यांचं "प्रभू, क्षमा कर". बाटल्यांच्या वाक्याला आवाज जरा कमीच आला, हे पण नोंदवून ठेवतो.

प्रवचन बायबलातल्या लेवीय 25 वर, सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्या, त्यावर. इथं मला भीती होती की आता उपदेश होणार, पण साहेबांनी मधेच थांबून लोकांना बोलू दिलं आणि एक भाऊ उभे राहून म्हणाले, "साहेब, मी ठेक्यानं वावर करतो, पड ठेवली त मालकाले काय देऊ?" बरोबरच आहे ना, ठेका द्यायचा, कृषी केंद्राची उधारी फेडायची, तो विसावा कसा देणार. साहेबांनी गोल गोल उत्तर दिलं नाही, म्हणाले ज्याचं स्वतःचं वावर आहे त्यानं आधी या भावाचं ओझं बघावं, लेवीयच्या त्याच अध्यायात गरीब भावाला व्याजानं पैसा देऊ नका असंही लिहिलंय, जमिनीचं वाचायचं आणि व्याजाचं सोडायचं असं चालणार नाही. दोन-तीन चेहरे जरा उतरले हो! आणि मग करता येईल अशी एकच गोष्ट सांगितली, लेवीय 19 मधे शेताच्या कडेपर्यंत कापू नका म्हटलंय, तर तुम्ही निदान तुमचा धुरा सोडा, त्यावर औषध मारू नका, बाभळी-पळस तोडू नका, मधमाशी आणि पाखरं तिथंच राहतात. एवढंच. पड ठेवा सांगण्यापेक्षा हे हजारपट बरं.

गाणी पेटी आणि टाळावर, माइक नाही, आणि जनरेटर लांब राहिलेला, स्तोत्र 104 आळीपाळीनं वाचलं, एक ओळ बाया एक ओळ पुरुष, त्यात गुरं-रानगाढवं-पाखरं-सिंह सगळे येतात, पोरांना मजा आली. सिस्टर म्हणाल्या 2025 मधे व्हॅटिकननं सृष्टीच्या जतनासाठी खास मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासनेचा विधी, काढली आणि पोप लिओ यांनी 9 जुलैला रोमजवळच्या कॅस्टेल गंडोल्फोला बागेतच केली ती. म्हणजे आपण झाडाखाली उभे राहून काही वावगं नाही करत.

शेवटी किट मजुरांना वाटले. चांगली गोष्ट, पण हातमोजे सगळे एकाच मोठ्या मापाचे, एका बाईनं तिथंच घालून बघितले तर बोटांची टोकं लोंबत होती, त्यानं पंपाचं झाकण तरी बंद होईल का? बायका औषध कालवतात, पाणी आणतात, लहान मापाचे पण घ्या. रोपं वाटली ती गुलमोहराची, ते का ते कळलं नाही, कडुलिंब, मोह, चिंच यातलं काहीही चाललं असतं. जेवण साधं, वरण-भात, वांग्याची भाजी, भाकर, पळसाच्या पत्रावळीवर, तोंडाला चव आली, तिखट मात्र आपल्या वऱ्हाडी हातानंच टाकलेलं.

कोणी जावं? ख्रिस्ती असलंच पाहिजे असं नाही, आमच्याकडं शेजारच्या वावरातले दोन काकाजी हात जोडून शेवटपर्यंत उभे होते, कोणी हटकलं नाही. लहान पोरं असतील तर पहिला तास बाहेरच फिरवा आणि सरळ वावरात या. पाऊस पडून गेला असेल तर काळी माती चपला सोडत नाही, बूट घाला, आणि अंधार पडायच्या आत निघायचं बघा, त्या दिवसात धुऱ्यावर सापविंचू निघतात, टॉर्च ठेवा. गाडी चर्चच्या आवारातच लावा, पांदण रस्त्यात घातली तर ट्रॅक्टर लावून काढावी लागेल. आणि पाळकसाहेब, हे तुमच्यापर्यंत पोचलंच तर व्हिडिओ बंद करा, पाहुण्यांना दहा मिनिटं द्या, आणि जनरेटर मागच्या भिंतीला हलवा, पाचवा स्टार तिथंच अडकलाय.