पैठणीचा जुना पदर भिंतीवर लावायचाय: काचेची फ्रेम, कॅनव्हास की दांडी?

आजीची पैठणी घड्यांवर विरलेली, नेसता येत नाही आणि टाकवत तर नाहीच, मग पदर भिंतीवर लावायचं ठरतं आणि तिथेच बरेचजण अडकतात. मी तिन्ही प्रकार करून बघितलेत म्हणून लिहितेय.

आधी पदर खिडकीसमोर धरा आणि घड्यांच्या जागी बारीक चिरा दिसतात का बघा. दिसल्या तर कॅनव्हास डोक्यातून काढून टाका, कारण त्यात कापड चारी बाजूंनी ओढून मागे लाकडी चौकटीला पिना मारतात, विरलेलं रेशीम तो ताण सोसत नाही, चीर हळूहळू लांबत जाते आणि नंतर काढायचं म्हटलं तरी कडेला भोकं राहतातच. खण किंवा इरकलीचं सुती अंग असेल तर मात्र कॅनव्हासच करा, खणाची बारीक बुट्टी ताणली की काय सुंदर उठून दिसते!

दांडी सगळ्यात सोपी आणि मला मनापासून आवडते. हातमागाच्या खऱ्या पैठणीत नक्षीचे रंगीत बाण्याचे, म्हणजे आडवे, धागे एकमेकांत अडकवून विणलेले असतात, त्यामुळे पदर मागून पुढून सारखाच दिसतो, आणि हे कौतुक फक्त दांडीवरच दिसतं, फ्रेममध्ये मागची बाजू कायमची गेली. पण दांडी ओवायचा नेफा साडीलाच शिवू नका, आधी धुतलेल्या मांजरपाटाचं अस्तर मागे हातशिलाईने लावा आणि नेफा त्या अस्तराला करा, म्हणजे वजन अस्तर घेतं. पदराची कड खाली सोडली की ताणा, म्हणजे साडीच्या लांबीचे धागे, उभा राहतो, तसंच लटकवा. तोटा एकच पण मोठा, उघड्यावर धूळ बसते आणि चांदीची जर हवेने काळी पडत जाते. आणि काळी पडली म्हणून पॉलिश घासत बसू नका प्लीज, मुलामा निघतो आणि आजूबाजूचं रेशीमही खराब होतं.

विरलेल्या पदराला माझं मत सरळ काचेच्या फ्रेमला. खर्च जास्त, वजन जास्त, पण कापडावर ताण जवळजवळ शून्य. फक्त फ्रेमवाल्याच्या डोक्यावर उभं राहावं लागतं, कारण तो पटकन गोंद किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावून मोकळा होतो. माझ्या एका तुकड्यावर तसंच झालं, वर्षभरात पिवळट डाग पुढे आले आणि ते गेले नाहीत ते नाहीतच. चिकटवायचं नाही, मांजरपाटावर सैल टाके घालूनच बसवायचं, मागचा बोर्ड अ‍ॅसिड-फ्री मागायचा आणि काच कापडाला टेकता कामा नये, मध्ये पट्टी घालून फट ठेवायला सांगा, नाहीतर दमट हवेत आत ओल धरते.

उजेडाचं मात्र तिन्हींना सारखंच. म्युझियममध्ये रेशमावर साधारण 50 लक्सच उजेड ठेवतात, म्हणजे खोली मंदच असते, आणि यूव्ही किरण अडवणारी काच लावली तरी रंग उडणं मंदावतं, थांबत नाही. ऊन येणारी भिंत नकोच.

पदर कापणारच असाल तर अंगाच्या बाजूने चार बोटं जास्त ठेवून कापा, टाके त्या भागात घालता येतात आणि नक्षीला सुई लागत नाही.